‘१०६ टक्के सांगितलाय, मग पेरू का?’ उद्याचा अंदाज आणि सीझनचा अंदाज

मे २०२५ चा शेवटचा आठवडा. गावाकडून काकांचा फोन. गाव आमचं लातूर जिल्ह्यात, तेरणेच्या काठचं, काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. मे महिन्यातच धो धो पाऊस झालेला, मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला थेट मुंबईत, म्हणजे ठरलेल्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. आणि त्यात २७ मेला हवामान खात्याने जाहीर केलं की यंदा देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल. काका म्हणाले, “१०६ टक्के सांगायलेत बघ. रानात वल बी हाय. मग पेरू का?”

मी म्हटलं काका थांबा जरा, तो १०६ चा आकडा तुमच्या पेरणीसाठी नाहीये. ते म्हणाले मग कशासाठी हाय? आणि फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही, दरवर्षी एप्रिल-मेमध्ये तो आकडा येतो, टीव्हीवर पट्टी फिरते ‘यंदा पाऊसमान चांगले’, आणि हजारो लोक त्या भरवशावर जूनच्या पहिल्या सरीला बियाणं मातीत घालतात. मग पंधरा दिवस उघाड पडते, कोंब करपतात, आणि दुबार पेरणी. एकरी बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं परत. अंदाज खोटा ठरलेला नसतो. अंदाजाला जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर आपण त्यात वाचलेलं असतं.

तर मुळापासून सांगतो.

हवामानाचा अंदाज म्हणून आपण जे एकाच नावाने ओळखतो त्यात किमान पाच प्रकार आहेत. पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज, त्याला नाऊकास्ट म्हणतात. पुढच्या तीन दिवसांपर्यंतचा तो अल्पावधीचा. तीन ते दहा दिवसांचा मध्यम. मग दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित. आणि महिन्याच्या पुढे, पूर्ण सीझनपर्यंतचा तो दीर्घ पल्ल्याचा. ऐकताना वाटतं की एकच वस्तू आहे, फक्त जवळची टॉर्च आणि लांबची टॉर्च, लांब जाईल तसा उजेड कमी. तसं नाहीये. पहिले तीन आणि शेवटचा यांची जातच वेगळी आहे, उत्तर ज्यातून काढतात ती माहिती वेगळी आणि उत्तराचा अर्थही वेगळा.

आधी उद्याचा अंदाज कसा बनतो ते बघू.

रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला जगभरात एकाच वेळी शेकडो ठिकाणांहून हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले फुगे सोडतात, त्यांना खाली एक छोटी डबी बांधलेली असते, ती वर जाता जाता तापमान, आर्द्रता, हवेचा दाब पाठवत राहते, आणि फुगा कसा वाहत गेला त्यावरून वारा कळतो. त्याच्या जोडीला इन्सॅटसारखे उपग्रह, डॉप्लर रडार (मुंबईत कुलाब्याला एक आणि वेरावलीला एक आहे), जमिनीवरची स्वयंचलित केंद्रं, जहाजं, प्रवासी विमानं. हो, विमानंसुद्धा, उडता उडता ती वारा आणि तापमान नोंदवतात, आणि २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे उड्डाणं थांबली तेव्हा हवामानवाल्यांना हा डेटा अचानक कमी पडला होता. तर हे सगळं गोळा करून ‘आत्ता या क्षणी वातावरण नेमकं कसं आहे’ याचं एक चित्र बनवतात. मग पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडतात, उभे-आडवे, आणि प्रत्येक चौकोनात भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवतात: इतका दाब, इतका वारा, तर पुढच्या काही मिनिटांनी काय होईल? ते उत्तर घेऊन परत पुढची काही मिनिटं. असं करत करत उद्या, परवा, पुढचा आठवडा. आपल्याकडे हे चौकोन बरीच वर्षं १२ किमीचे होते, मे २०२५ मध्ये ६ किमीचं मॉडेल आलं, भारत फोरकास्ट सिस्टीम, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं. त्याचं गणित करणारा अर्क नावाचा सुपरकॉम्प्युटर पण पुण्यातच आहे, पाषाणला.

चौकोन लहान झाला की काय फरक पडतो ते आपल्या सह्याद्रीतच बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस, आणि तिथून घाट उतरून तीस-पस्तीस किमीवर वाई, तिथे त्याच्या पाव हिश्श्याइतकाही पडत नाही. मोठे चौकोन घेतले तर घाटमाथा आणि त्याची पर्जन्यछाया एकाच चौकोनात येतात आणि मॉडेलला डोंगर दिसतच नाही, एक पसरट उंचवटा दिसतो.

आता यातली मेख. हे सगळं गणित ‘आत्ता’च्या चित्रावर उभं आहे. आणि ते चित्र कधीच पूर्ण बरोबर नसतं. अरबी समुद्राच्या मधोमध कोणी फुगा सोडत नाही.

१९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचा हवामानशास्त्रज्ञ आपल्या कॉम्प्युटरवर हवेचं एक साधंसं मॉडेल चालवत होता. एकदा आधीचाच रन मधून परत चालवायचा म्हणून त्याने छापील कागदावरचा आकडा टाइप केला, ०.५०६. मशीनच्या आत खरा आकडा होता ०.५०६१२७. हजारात एखाद्या भागाइतकासुद्धा फरक नाही. तो कॉफी घ्यायला गेला, परत आला, तर नवा रन सुरुवातीला जुन्यासारखाच जाऊन मग हळूहळू असा भरकटला होता की दोघांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नव्हता. आधी त्याला वाटलं मशीन बिघडलं. मशीन ठीक होतं. हवेचा स्वभावच तसा आहे, सुरुवातीची बारीकशी चूक दुप्पट, चौपट होत जाते, आणि साधारण दोन आठवड्यांनंतर अमुक दिवशी अमुक ठिकाणी काय होईल हे सांगता येईल असं काही शिल्लक राहत नाही. कॉम्प्युटर कितीही मोठा घ्या, ती भिंत थोडी सरकेल, पडणार नाही.

म्हणून आता कोणीही एकच रन करत नाही. सुरुवातीचं चित्र मुद्दाम थोडं थोडं बदलून वीस, तीस, पन्नास रन करतात. सगळे रन सांगतायत की परवा कोकणात जोरदार, तर अंदाज पक्का. निम्मे एक म्हणतायत निम्मे भलतंच, तर समजायचं की हवाच अजून ठरलेली नाही. ‘शक्यता’ हा शब्द बुलेटिनमध्ये अंग काढून घ्यायला टाकलेला नसतो, तो इथून येतो.

आणि दोन आठवड्यांची ही भिंत सुद्धा सगळ्याला सारखी लागू नाही बरं का, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. मोठी गोष्ट जास्त दिवस आधी दिसते, छोटी कमी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं ते शेकडो किमी रुंद असतं आणि चार-पाच दिवस जगतं, ते ओडिशावरून आत येऊन विदर्भ-मराठवाड्याकडे सरकणार हे तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतं. पण एप्रिल-मेमधला वळीव? दुपारी चारला ढग भरून येतो, पाचला झोडपतो, सहाला आभाळ मोकळं. त्या ढगाचं सगळं आयुष्यच तास-दीड तासाचं. त्यामुळे ‘जिल्ह्यात उद्या गडगडाटी पाऊस’ इथपर्यंत सांगता येतं, पण कोणत्या शिवारात ते फक्त रडारवर तो ढग उठल्यावर, म्हणजे अर्धा-एक तास आधी. बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे, त्यात हवामान खात्याचा काही दोष नसतो. २६ जुलै २००५ ला एकाच मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला आणि कुलाब्याला ७४ मिमीच्या आसपास. एकच शहर, एकच दिवस.

मग आता सगळ्यात अवघड प्रश्न, काकांनी पण हाच विचारला. “पंधरा दिवसापुढचं सांगता येत न्हाई म्हन्तोस, मग चार महिन्याचं कसं सांगतेत ते?”

याचं उत्तर मला वारीत सापडलं. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी आज सासवडला आहे, तर उद्या-परवा जेजुरीला असणार हे आपण छातीठोक सांगतो. हा झाला अल्पावधीचा अंदाज: आत्ता कुठे आहे ते माहीत, वाट माहीत, वेग माहीत. पण एखादा वारकरी धरा, डोक्यावर तुळस घेतलेली एखादी मावशी, आणि सांगा बरं बारा दिवसांनी दुपारी तीनला ती नेमकी कुठल्या झाडाखाली बसलेली असेल. कोणी सांगू शकत नाही. कुठे चहा घेईल, कुठे पाय दुखेल, कोण ओळखीचं भेटेल, छोट्या छोट्या गोष्टींनी सगळं बदलतं. हेच लॉरेन्झचं म्हणणं.

पण तिसरा प्रश्न विचारा: यंदा वारीला गर्दी नेहमीपेक्षा जास्त असेल का कमी? याचं उत्तर वारी निघायच्या आधी सुद्धा अंदाजाने देता येतं, आणि त्यासाठी एकाही वारकऱ्याचा माग काढावा लागत नाही. पेरण्या वेळेवर उरकल्या का, एवढंच बघायचं. पेरणी उरकली की माणूस मोकळा होतो आणि वारीला निघतो, पाऊस लांबला तर घरचा एक तरी माणूस रानातच अडकतो. गर्दी ठरवणारी गोष्ट वारीच्या बाहेर आहे, आणि ती सावकाश बदलणारी आहे.

सीझनच्या पावसासाठी ती बाहेरची, सावकाश बदलणारी गोष्ट म्हणजे समुद्र.

हवा चंचल आहे, आज गरम उद्या गार. समुद्र जड आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या हवेत मिळून जितकी उष्णता साठू शकते तितकी समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात साठते. त्यामुळे पॅसिफिक एकदा तापला की तो महिनोन् महिने तापलेला राहतो, आणि तेवढा सगळा वेळ वरच्या हवेला एका बाजूला ढकलत राहतो. रोजचा पाऊस कुठे पडेल हे तो ठरवत नाही. पण चार महिन्यांची बेरीज कुठे झुकेल यावर त्याचा हात असतो. विषुववृत्ताजवळच्या मध्य आणि पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं तर तो एल निनो, आणि तेव्हा आपल्याकडे मान्सून कमजोर पडायची शक्यता वाढते. गार झालं तर ला निना, आणि पारडं सहसा चांगल्या पावसाकडे. उष्ण प्रदेशात सीझनचा अंदाज समुद्राच्या तापमानामुळे शक्य होतो हा विचार १९८१ मध्ये ज्यांनी मांडला त्या दोघांपैकी एक आपले जगदीश शुक्ला, उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून गेलेले. समुद्राच्या पोटातलं तापमान मोजायला जगभर चार हजाराच्या आसपास आर्गो नावाचे तरंगते आहेत, ते दर दहा दिवसांनी दोन किमी खोल बुडी मारून वर येतात आणि मोजलेलं सगळं उपग्रहाला सांगतात. उद्याच्या अंदाजाला आकाशातला फुगा लागतो आणि सीझनच्या अंदाजाला हा समुद्रातला, इतका साधा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. १८८६ पासून मान्सूनचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज द्यायला सुरुवात झाली, तेव्हा आधार होता हिमालयातला बर्फ: बर्फ जास्त तर पाऊस कमी. मग १९०४ ला गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले, गणितातला माणूस, त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाची आकडेमोड करून शोधून काढलं की पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो, एकीकडे वाढला की दुसरीकडे घटतो. मान्सूनचा अंदाज करता करता सापडलेली ही गोष्ट आज सगळं जग वापरतं. नंतर १९८८ मध्ये वसंत गोवारीकरांच्या काळात सोळा घटकांचं मॉडेल आलं आणि ते बरीच वर्षं चाललं. पण हे सगळे संख्याशास्त्राचे मार्ग, म्हणजे आधीच्या वर्षांत काय घडलं त्यावरून यंदाचं ताडायचं. २००२ ला तेच अंगाशी आलं. सामान्य पावसाचा अंदाज होता आणि जुलैमध्ये देशात नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला, सीझन ८१ टक्क्यांवर संपला, दुष्काळ. त्यानंतर मॉडेल बदललं, आणि २०१२ ला मान्सून मिशन सुरू झाल्यावर समुद्र आणि हवा दोन्ही एकत्र सोडवणारी मॉडेल आली. २०२१ पासून तर एका मॉडेलवर न विसंबता अनेक मॉडेलचा मिळून अंदाज काढतात.

तरीही एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण करू नका. १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी, आणि त्या वर्षी देशात १०२ टक्के पाऊस झाला. २०१५ ला तो आला तर ८६ टक्के. हिंदी महासागराचं स्वतःचं राजकारण असतं, पश्चिमेकडचं पाणी गरम आणि पूर्वेकडचं गार झालं की आपल्याला फायदा, २०१९ ला तसंच झालं आणि सीझन ११० टक्क्यांवर गेला. शिवाय एप्रिलमध्ये पॅसिफिकचाच कल ओळखणं अवघड असतं. मार्च ते मे हा काळ समुद्राच्या दृष्टीने संक्रमणाचा, जुनी अवस्था मोडते आणि नवी पक्की झालेली नसते. म्हणून एप्रिलचा अंदाज हा पहिला अंदाज आणि मेच्या शेवटचा सुधारित. एप्रिलवर फार रंगून जाऊ नये.

आता त्या १०६ कडे परत येऊ, कारण खरा गोंधळ त्या आकड्याच्या वाचनात आहे.

१०६ टक्के कशाचे? देशाच्या दीर्घकालीन सरासरीचे. जून ते सप्टेंबर, चार महिने, पूर्ण भारत, १९७१ ते २०२० ची सरासरी ८७ सेंमी. म्हणजे चेरापुंजी, जैसलमेर आणि आमचं गाव सगळ्यांचा पाऊस एका पातेल्यात ओतून ढवळून काढलेला आकडा. त्याला सोबत अधिक-उणे ४ टक्के अशी चूकही जोडलेली होती, ती बातमीत कोणी सांगत नाही. देशाला ९६ ते १०४ हे ‘सामान्य’. तुमच्या तालुक्याबद्दल त्यात काहीही नाही, आणि चार महिन्यांत तो पाऊस कसा वाटला जाईल याबद्दल तर अजिबात नाही.

२०२३ आठवा. एप्रिलमध्ये अंदाज ९६ टक्के, शेवटी झाला ९४. अधिक-उणेच्या मर्यादेत एकदम बसणारा, कागदावर उत्तम अंदाज. पण त्याच सीझनमधला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट. जुलै आणि सप्टेंबरने बेरीज सावरून घेतली. पण सोयाबीनला फुलं लागून शेंगा धरायच्या वेळी जे पाणी लागतं ते ऑगस्टमध्ये लागतं, सप्टेंबरला तेवढंच पाणी दिलं म्हणून पीक मागे जाऊन शेंगा भरत नाही. पगार महिन्याच्या महिन्याला मिळणं आणि वर्षाचा एकदम डिसेंबरात मिळणं, बेरीज एकच असली तरी घर चालतं का?

देशाच्या आकड्यापेक्षा त्याच्यासोबत येणारा रंगीत नकाशा जास्त कामाचा, त्यात कुठल्या भागात सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका किंवा कमी पाऊस याची शक्यता दाखवलेली असते. पण तोही नीट वाचायला लागतो. समजा मराठवाड्यावर ‘सरासरीपेक्षा जास्त, शक्यता ५५ टक्के’ असा रंग आहे. काहीच माहिती नसती तर तिन्ही शक्यता ३३-३३ टक्के धरल्या असत्या, म्हणजे पारडं खरंच झुकलंय. पण अशी शंभर वर्षं घेतली तर त्यातली ४५ वर्षं जास्त पावसाची नसणार, आणि यंदाचं त्यातलंच एक असू शकतं. कोणतं वाण घ्यायचं, कमी दिवसांचं का जास्त, आंतरपीक म्हणून तूर घालायची का, धरणातलं पाणी किती राखायचं, पीक विमा, बियाण्याचा साठा, असल्या निर्णयांसाठी हा नकाशा सोन्यासारखा आहे. पेरणीची तारीख त्यात शोधू नये.

मग तारीख कशात शोधायची? इथे तो मधला अंदाज येतो, दोन ते चार आठवड्यांचा, ज्याच्याकडे आपल्यात कोणी बघतच नाही आणि मला वाटतं शेतकऱ्याला सगळ्यात उपयोगी तोच आहे. हवामान खातं दर गुरुवारी तो देतं, पुढच्या चार आठवड्यांचा, आठवड्यागणिक नकाशे. भिंतीच्या पलीकडे जाऊन हे कसं जमतं? तर विषुववृत्ताजवळ ढगांचा एक प्रचंड पट्टा असतो, तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो. हिंदी महासागरावर आला की आपला मान्सून जोर धरतो, पुढे पॅसिफिककडे निघून गेला की बऱ्याचदा उघाड. एसटीची गाडी कुठल्या फाट्यावर आहे हे कळलं तर आपल्या स्टँडवर कधी येईल याचा जसा अंदाज लागतो, मिनिटाचा नाही पण अर्ध्या तासाचा लागतो, तसंच. अमुक तारखेला पाऊस असं त्यात नसतं. ‘जूनचा दुसरा आठवडा मराठवाड्यात सरासरीपेक्षा कमी’ असं असतं. पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी विश्वासाचे, तिसरा-चौथा नुसता कल म्हणून बघायचा.

मोबाईलमधल्या ॲपबद्दल पण बोललंच पाहिजे. ॲप उघडलं की पुढचे चौदा-पंधरा दिवस ओळीने दिसतात, प्रत्येक दिवसापुढे ढगाचं चित्र, तापमान, मिमी. उद्याचा आकडा आणि चौदाव्या दिवसाचा आकडा एकाच अक्षरात, एकाच आत्मविश्वासाने. आमच्याकडे एका लग्नात बारा दिवस आधी ॲपने कोरडं दाखवलं म्हणून मंडपाला ताडपत्री घेतली नाही, आणि हळदीच्या दिवशी वळवाने सगळं भिजवलं, सगळ्या बायका ताटं डोक्यावर धरून ओसरीत पळाल्या. बाराव्या दिवसाच्या त्या आकड्यावर भिस्त ठेवण्यासारखं काही नसतं. असलं काही बघायचंच असेल तर सलग तीन-चार दिवस तीच तारीख बघा. रोज तेच सांगत असेल तर थोडा विश्वास ठेवा, रोज बदलत असेल तर त्या तारखेबद्दल अजून कोणालाच काही माहिती नाही असं धरून चाला.

आणि बुलेटिनमधले शब्द. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटलं की लोकांना वाटतं तुरळक पाऊस, म्हणजे थेंब थेंब. चूक. तुरळक हे ठिकाणांबद्दल आहे: त्या भागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, त्याच्यावर ‘बहुतांश ठिकाणी’. पावसाचा जोर वेगळा सांगतात: २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार’ हे वाक्य ऐकून निवांत बसायचं नसतं, ज्या चार गावांत तो पडेल तिथे ओढ्याला पूर येतो. फवारणी करायची असेल तर तीन दिवसांचा अंदाज बघायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला बघायचा. आणि रानात असताना वीज कडाडायला लागली तर दामिनी ॲप. तिथे प्रश्न मिनिटांचा असतो.

तर काकांनी काय केलं ते सांगतो. ते थांबले. मन मारून थांबले, कारण शेजारच्या दोघांनी मेच्या ओलीवर टोकून पण टाकलं होतं. कृषी विभाग पण घाई करू नका म्हणत होता, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे तर दरवर्षीचंच सांगणं. मी गुरुवारचा नकाशा बघून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज टाकायचो. आणि झालं असं की इतक्या लवकर आलेला मान्सून मेच्या शेवटाला जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही. शेजारच्या एकाला निम्मं रान मोडावं लागलं. काकांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं, उगवण एकसारखी झाली, ऑगस्टमध्ये पीक बघून त्यांनी मला फोटो पाठवला होता, गुडघ्याच्या वर सोयाबीन, मधे ते हात कमरेवर ठेवून उभे.

मग सप्टेंबर आला. सीना, मांजरा, तेरणा सगळ्या नद्या पात्र सोडून निघाल्या, परांडा-भूमपासून खाली आमच्यापर्यंत. महिन्याच्या शेवटी बंगालच्या उपसागरातलं आणखी एक क्षेत्र ओडिशावरून आत येऊन आपल्या दिशेने सरकत होतं, आणि या वेळी इशारा दोन दिवस आधी आला होता. काकांनी विहिरीवरची मोटर काढून घरी आणली, बैल आणि म्हैस गावठाणात वरच्या बाजूला बांधली, खताची पोती माळवदावर चढवली. सोयाबीन काढणीला आलेलं होतं, ते दोन दिवसात काढून होणारं नव्हतं, ते उभ्या उभ्या पाण्यात गेलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले.

३० सप्टेंबरला सीझन संपला, देशाचा आकडा आला, १०८ टक्के. मेमध्ये सांगितलेल्या १०६ अधिक-उणे ४ मध्ये नीट बसणारा. मी काकांना तो सांगितला नाही. त्यांनीच आठ दिवसांनी फोन केला, रब्बीच्या हरभऱ्यासाठी, आणि पहिला प्रश्न होता, “गुरुवारचं आलं का रं? चिखल वाळाया किती दिवस गावतेत ते बघ.”